अस्मान बघायला शिकलो

हरलेल्या पैलवानानं अस्मान बघितलं, असं आमच्याकडं म्हणतात. पाठ मातीला लागली की डोळ्यांपुढं दुसरं असतंच काय? मी सात वर्षांचा होतो तेव्हापासून वस्तादांनी एकच गोष्ट अंगात भिनवली होती, पाठ लावून घ्यायची नाही. उचलून टाकला तर हवेत वळायचं, पालथं पडायचं, मान रोवून पूल करायचा, नाकातोंडात माती गेली तरी चालेल. सतरा वर्षं हे केलं. आणि चोविसाव्या वर्षी घरापासून शेकडो कोसांवर, एका पत्र्याच्या शेडमध्ये, पहिल्याच दिवशी मला शिकायला सांगितलं ते पाठीवर पडायला.

त्या शिकण्याचीच ही हकीकत आहे. मातीतली कुस्ती सोडून टीव्हीवर दाखवतात त्या रिंगमधल्या कुस्तीत आणि मग कॅमेऱ्यापुढं जाऊ पाहणारी आमच्या भागातली पोरं मला फोन करून विचारतात. दर वेळी फोनवर अर्धंच सांगून होतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

माझं गाव विट्याजवळ, खानापूर तालुक्यात. आमच्या पट्ट्यात पाऊस कमी, म्हणून घरटी एक तरी माणूस गलाईच्या धंद्यात बाहेर. सोनं-चांदी गाळायला आमची माणसं पार तमिळनाडू-केरळपर्यंत गेली, तिथली भाषा शिकली, तिथंच पोरांची लग्नं केली. माझे आप्पाही तमिळनाडूत होते, वर्षातून एकदा जत्रेला यायचे. त्यामुळं परमुलखात जाणं आमच्या घरात नवं नव्हतं. मला मात्र गलाईच्या भट्टीपाशी बसवायचं नाही, हे आप्पांनी आधीच ठरवलेलं. मी पैलवान व्हायचं होतं.

सांगली जिल्ह्यात पैलवानकी करायची म्हणजे दोन नावं डोक्यावर घेऊन उभं राहायचं. कवठेपिरानचे मारुती माने आणि पुनवतचे गणपतराव आंदळकर. १९६२ च्या जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत दोघांनीही सोनं आणलं. दोघंही हिंदकेसरी. शेजारच्या सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ गोळेश्वर, खाशाबा जाधवांचं गाव, १९५२ चं हेलसिंकी ऑलिंपिकचं पदक त्या मातीतलं. आमच्या तालमीत या तिघांचे फोटो मारुतीच्या मूर्तीशेजारी होते, आणि मूर्तीबरोबर त्यांनाही उदबत्ती ओवाळली जायची.

माझं कुठवर गेलं ते थोडक्यात सांगतो. जत्रांमधल्या कुस्त्या बऱ्याच मारल्या. जिल्ह्याच्या निवड चाचणीत दोनदा उतरलो, दोन्ही वेळेस मागं पडलो. २०१६ च्या हंगामात एका मैदानात समोरच्यानं एकेरी पट काढला, म्हणजे एक पाय धरून ओढला, माझा उजवा पाय मातीत रुतून राहिला आणि वरचं अंग फिरलं. गुडघ्यातून काडी मोडावी तसा आवाज आला. हलगीच्या गजरातही तो मला ऐकू आला. ऑपरेशन झालं, आठ महिने गेले, वजन ९२ वरून १०८ वर गेलं. खुराक सुटत नव्हता आणि मेहनत होत नव्हती. पैलवानाच्या आयुष्यात हा काळ फार वाईट असतो. लोक अजून ‘पैलवान’ म्हणून हाक मारतात आणि आपल्याला माहीत असतं, की आपण आता नुसते वजनदार माणूस आहोत.

टीव्हीवरच्या रिंगमधल्या कुस्तीत गाजलेल्या खलीनं २०१५ साली जालंधरला त्या कुस्तीची शाळा काढली, तेव्हापासून तिथले व्हिडिओ आमच्या तालमीतल्या पोरांच्या मोबाईलवर फिरत होते. मी गेलो ती शाळा दुसरी, उत्तरेतलीच. तिचं नाव लिहीत नाही, कारण पुढं तक्रारही सांगणार आहे. तिथल्या माणसाशी फोनवर मोडक्यातोडक्या हिंदीत बोललो. उंची विचारली, वजन विचारलं, फी सांगितली. आप्पांनी पैसे दिले. ते एवढंच म्हणाले, “परमुलखात जायाचं तर हात मोकळं घिऊन येऊ नगंस.”

वस्तादांना सांगणं अवघड होतं. ते तालमीच्या ओट्यावर बसलेले. मी पाया पडलो, सांगितलं. बराच वेळ ते हौद्यातल्या, म्हणजे आखाड्यातल्या, मातीकडं बघत होते. मग म्हणाले, “नुरा कुस्ती शिकाय चाललास व्हय?”

नुरा कुस्ती हा शब्द पैलवानाला शिवीसारखा लागतो. आधी ठरवून केलेली, लोकांना फसवणारी कुस्ती. मला उत्तर देता आलं नाही. ते देता यायला मला तीन वर्षं लागली.

शाळा म्हणजे हमरस्त्याकडेची एक शेड. मधोमध रिंग. टीव्हीवर ती गादीसारखी मऊ वाटते. पहिल्या दिवशी मी तिच्यावर हात ठेवला तर खाली लाकूड होतं. लोखंडी सांगाडा, त्यावर फळ्या, त्यावर बोटभर जाडीचा फोम आणि वरून ताणून बांधलेली ताडपत्री. पडलं की दणका मोठा ऐकू येतो, कारण खाली पोकळी आहे. सांगाडा थोडासा दबतो, थोडा धक्का खातो. उरलेला सगळा पाठीनं खायचा. आमच्या हौद्यातली माती ताक, हळद, तेल, लिंबू घालून मळलेली असते, खोऱ्यानं उकरून रोज मऊ केलेली असते. त्या मातीनं मला सतरा वर्षांत कधी खरचटलं नव्हतं. या ताडपत्रीनं पहिल्या आठवड्यात दोन्ही कोपरांची सालटी काढली.

पाठीवर पडण्याला तिथं ‘बम्प’ म्हणतात. रीत सांगायला सोपी आहे. आधी उकिडवं बसायचं. हनुवटी छातीला टेकवायची, नजर स्वतःच्या बेंबीवर. मग मागं जायचं. पाठीचा वरचा, रुंद भाग एकदम टेकला पाहिजे, कंबर आधी नाही, डोकं तर मुळीच नाही. त्याच क्षणी दोन्ही हात अंगापासून थोडे दूर ठेवून तळव्यांनी ताडपत्रीवर जोरात चापट मारायची, म्हणजे दणका वाटला जातो. आणि श्वास सोडायचा. श्वास छातीत धरून पडलात तर पडण्यानं तो हिसकून बाहेर काढला जातो आणि अर्धा मिनिट माणूस माशासारखा तोंड उघडतो.

उकिडवं बसून मला जमलं. उभ्यानं पडायची वेळ आली तेव्हा अंगानं ऐकलं नाही. मागं झोक गेला की हवेतच मी डावीकडं वळायचो. ठरवून नाही, आपोआप. सतरा वर्षांची सवय होती ती. मास्तर ओरडायचे, “घूम मत!” मी मान हलवायचो आणि पुढच्या वेळी परत वळायचो. दहाव्या दिवशी एका जोडीदारानं मला उचलून टाकलं. त्याचा काही दोष नव्हता, टाकणं अगदी बरोबर होतं. मी वळलो आणि उजव्या खांद्यावर पडलो. खांद्याच्या टोकाचा सांधा निखळता निखळता राहिला. हात गळ्यात बांधून तीन आठवडे खोलीत बसलो. शेडमध्ये बर्फही नव्हता, डॉक्टर तर दूरच. दवाखान्याचा खर्च माझा. मला तेव्हा राग आला होता आणि आजही येतो. जिथं पोरांना पडायला शिकवतात तिथं पडलेल्याला उचलायची सोय पाहिजे. जाण्याआधी हा एकच प्रश्न विचारा, लागलं तर कोण बघणार? उत्तर नीट मिळालं नाही तर पैसे भरू नका.

मला त्यातून बाहेर काढलं एका मणिपूरच्या पोरानं. तोही माझ्यासारखाच परका. मूळचा ज्युदोवाला, वजनानं माझ्या निम्मा. त्याच्या ज्युदोत पहिल्या दिवसापासून पडायलाच शिकवतात, टाकायला नंतर. त्यानं माझं दुखणं लगेच ओळखलं. एका संध्याकाळी त्यानं मला विचारलं, पडताना तू कशाला घाबरतोस? दुखण्याला? मी म्हटलं, नाही, दुखण्याचं काय. मग कशाला? मी बराच विचार केला आणि सांगितलं, पाठ लागेल म्हणून. तो हसला नाही. म्हणाला, मग रोज सकाळी कोणी नसताना नुसता पाठीवर झोपत जा, आणि वर बघ.

मी तसंच केलं. पहाटे शेडमध्ये एकटा जाऊन रिंगच्या मधोमध उताणा पडायचो. वर पत्रा, पत्र्याला गंजून पडलेलं रुपयाएवढं भोक, त्यातून येणारा उजेड. पहिले दोन दिवस छाती धडधडायची. तालमीत कोणी असं बघितलं असतं तर! आठवड्याभरानं धडधड थांबली. खांदा बरा झाल्यावर परत उभ्यानं पडलो तेव्हा अंग वळलं नाही. दणका मोठा झाला, दुखलं मात्र कमी. त्या दिवशी मी साठ-सत्तर वेळा पडलो असेन.

बाकीच्या गोष्टी मानानं भरभर आल्या. रिंगच्या दोरांवर आदळत पळणं म्हणजे बरगड्यांवर काळेनिळे वळ, ते महिन्याभरात मुरतात. डावी बाजू धरून काम करायचं, म्हणजे समोरच्याला न बोलता कळतं की पकड कुठून येणार. सगळ्यात अवघड गेलं ते हात हलका ठेवणं. पैलवानाचा पंजा एकदा मनगटावर बसला की सुटत नाही. माझ्यामुळं दोन पोरांची मनगटं सुजली. मास्तरांनी मला ओल्या कपड्याची घडी हातात धरून सगळे डाव करायला लावले, आणि पाणी गळता कामा नये म्हणाले. पाणी गळलं की पकड घट्ट झाली.

आमच्याकडं कुस्ती लावण्याला ‘जोड’ धरणं म्हणतात. समोरचा तुमची जोड. त्या शेडमध्ये मला या शब्दाचा दुसरा अर्थ कळला. उचललेला माणूस आपली मान तुमच्या हातात देतो. तो जिंकणार की हरणार हे ठरलेलं असेल, पण मान खरीच असते.

दुखण्याचंही सगळं उलटं. तालमीत आम्हाला शिकवलं होतं, की लागलं तर तोंडावर दिसता कामा नये, समोरचा त्याच जागी परत घालतो. रिंगमध्ये न लागलेलं दाखवायचं असतं, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत पोचेल असं. आणि खरंच लागलं तर ते मात्र झाकायचं, फक्त जोडीदाराचा हात दोनदा दाबायचा. मला दाखवणं जमेना. मास्तर म्हणायचे, तुझा चेहरा दगड आहे. मग मी आठवत गेलो, गुडघा मोडला तेव्हा आतून काय झालं होतं, जे मी त्या दिवशी कुणालाच दिसू दिलं नाही. ते थोडं थोडं बाहेर काढलं. पुढं कॅमेऱ्यापुढं माझ्या उपयोगी पडलं ते हेच.

पहिला शो एका गावच्या मेळ्यात झाला. मला खलनायक केलं होतं, बाहेरून आलेला, घमेंडखोर. डोक्याला फेटा बांधला. मी एकच मागणं मागितलं, की आत जाताना शड्डू ठोकू द्या. मांडीवर हात पडला तो आवाज माईकशिवाय मंडपभर गेला आणि लोक गप्प झाले. मग अकरा मिनिटं मी त्यांच्या लाडक्या पोराला बडवलं, लोकांनी मला शिव्या दिल्या, आणि शेवटी त्यानं मला उचलून आपटलं. मी पाठीवर पडलो. पंचानं तीन मोजले. सगळा मंडप उभा राहून नाचत होता. वर दिव्यांची माळ होती आणि मी तिच्याकडं बघत पडून होतो. हरलोय असं वाटत नव्हतं. माझ्या पडण्यानं ती माणसं आनंदली होती, आणि ते पडणं मी स्वतः कमावलेलं होतं.

अशा शोमध्ये दोन हंगाम काढले. पैसे कधी मिळाले, कधी नाही. एका आयोजकानं चार शोचे बुडवले, फोन उचलायचा बंद झाला. मग मुंबई. तिथली दोन वर्षं दोन वाक्यांत सांगता येतील. सहा जणांत एक खोली, सकाळी व्यायाम, दुपारी ऑडिशन, संध्याकाळी जिममध्ये पोरांना शिकवणं. कामं मिळाली ती मालिकांमधल्या पहारेकऱ्याची, गुंडाची, मागं भाला धरून उभं राहायची.

खरं काम मिळालं ते २०१९ च्या हिवाळ्यात, वाईला. ऐतिहासिक कथानक होतं, त्यात आखाड्याचा एक प्रसंग, नायकाकडून हरणारा मल्ल हवा होता. मेणवलीच्या घाटापासून जवळच्या मोकळ्या रानात आखाडा उभा केलेला. माती उकरून खाली फोमची गादी अंथरली होती आणि वर हातभर नाही, जेमतेम चार बोटं लाल माती. पहाटे पाचला मेकअप. मी घाटावर जाऊन कृष्णेचं पाणी डोळ्यांना लावून आलो. हीच नदी पुढं कऱ्हाडवरून आमच्या सांगलीला जाते.

फाइट मास्टरनं पहिल्यांदा मला डाव दाखवायला सांगितले. मी ढाक दाखवली, कलाजंग दाखवला, धोबीपछाड दाखवला. त्यांनी धोबीपछाड घेतला, कारण त्यात माणूस हवेत सगळ्यात स्वच्छ दिसतो. नायक चांगला मेहनती होता, पण त्यानं आयुष्यात कुणाला खांद्यावरून टाकलेलं नव्हतं. मग ठरलं असं, की त्यानं फक्त हात धरून वाकायचं, उडी माझी मीच मारायची, आणि ती मारल्यासारखी दिसता कामा नये. १०४ किलोचं अंग घेऊन दुसऱ्याच्या पाठीवरून आपणच जायचं, आणि बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की त्यानं टाकलं. शिवाय कॅमेरा उजवीकडं खाली, म्हणून पडताना तोंड त्या बाजूला हवं आणि पाय फ्रेमबाहेर जायला नकोत.

चौदा वेळा पडलो. तीनदा नायकाचा पाय घसरला, दोनदा माती कॅमेऱ्याच्या काचेवर उडाली, एकदा मागं बैल हंबरला. प्रत्येक वेळी कामगार पोरं येऊन माती सारखी करायची, माझ्या पाठीला परत माती चोळायची. अकराव्या वेळी दिग्दर्शक जवळ आले आणि हळूच म्हणाले, पडल्यावर डोळे मिटू नकोस. तू कधी हरला नाहीस, आज हरलास, वर बघ. त्यांना माहीत नव्हतं की हे मला किती चांगलं येतं. चौदाव्या वेळी मी पडलो, वर बघितलं. डिसेंबरचं निळं आभाळ, एक घार फिरत होती. मला तालमीतले तिघांचे फोटो आठवले, वस्ताद आठवले. डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं ते कानात गेलं. कट म्हटल्यावर मी लगेच उठलो नाही, आणि कुणी उठवलंही नाही.

त्या प्रसंगात माझं वाक्य एकच होतं. पैसे चौथ्या महिन्यात आले. तोवर २०२० चा मार्च उलटून गेला होता, शूटिंग बंद, मुंबईतली खोली सोडली आणि गावी आलो.

वस्तादांकडं गेलो. ते थकले होते, पण आवाज तोच. “शिकलास का नुरा?” मी ओट्याखाली मातीत बसलो आणि या वेळी उत्तर दिलं. म्हटलं, वस्ताद, नुरा कुस्ती करणारा लोकांना सांगतो ही खरी आहे, आणि त्यांच्या विश्वासावर पैसे खातो. आम्ही काय करतो ते बघणाऱ्याला ठाऊक असतं, नाटकाला आलेल्याला ठाऊक असतं तसं. मग मी दारासिंगांचं काढलं, कारण वस्ताद त्यांचं नाव काढलं की हात जोडतात. म्हटलं, तेही पंजाबातनं सिंगापूरला गेले, तिथं ड्रमच्या कारखान्यात राबले, आणि ही रिंगमधली फ्रीस्टाइल तिथंच शिकले. १९६८ साली मुंबईत त्यांनी अमेरिकेच्या लू थेझला हरवलं तीही रिंगमधलीच कुस्ती, मातीतली नव्हे. पुढं पडद्यावर आले, रामायणात हनुमान झाले. वस्ताद काही बोलले नाहीत. पानदान उघडलं, मिटलं. मग म्हणाले, “त्येंनी आधी माती केली व्हती.” मी म्हटलं, “मीबी केली, वस्ताद. तुमच्याच हाताखाली.”

त्यावरही ते बोलले नाहीत. तालमी परत उघडल्यावर मी पहाटे जाऊन बसायला लागलो. गुडघ्यामुळं लढता येत नाही, पण पोरांच्या बैठका मोजायचो, माती उकरायचो.

एका सकाळी दहा-बारा वर्षांचं पोरगं मागं पडताना हात टेकून पडलं आणि मनगट मोडलं. त्या वर्षातलं तिसरं. त्याला मोटरसायकलवरून विट्याला नेऊन प्लास्टर घालून आणलं. परत आलो तेव्हा वस्ताद ओट्यावर एकटेच बसले होते.

“तुमच्याकडं हात मोडत न्हाईत पडताना?”

“न्हाई. हात टेकत न्हाई आमी. आपटतो.”

“कसं?”

मी उभा राहिलो, हनुवटी छातीला लावली आणि हौद्याकडं वळलो. त्यांनी काठी आडवी धरली.

“मातीत नगं. मारुतीसमोर पाठ न्हाई टाकायची. पलीकडं मॅटवर चल, पोरांस्नी बी बोलाव.”